तेलपंप व तेलगाळणी, जुन्या मोटारसायकलींतील

इंजिनाच्या फिरत्या भागांना दाबाने तेल पुरवून ते गाळून परत खेळवणारी यंत्रणा. भारतातील तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रॉयल एनफील्ड बुलेटचे बिडाचे इंजिन. 1955 पासून मद्रासमध्ये त्याची जुळणी सुरू झाली. जावा, राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळत, त्यामुळे तिथे असा पंप नसे.

बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसलाच जोडून ओतलेली असते. टायमिंग कव्हरमध्ये दट्ट्याचे दोन पंप असतात. क्रँकच्या टोकावरील वर्म गिअरवरून ते हळू गतीने चालतात. एक टाकीतले तेल बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरील टोकाकडे, ढकलतो. दुसरा खाली साचलेले तेल टाकीत परत ओढतो. या दुसऱ्याची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असते, नाहीतर क्रँककेस तेलाने भरेल. रॉकर्सना बाहेरच्या बारीक नळ्यांतून तेल मिळते.

गाळणी नमद्याची असते, शिवाय जाड कचऱ्यासाठी तारेच्या जाळ्या. नमदा धुऊन पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर होय: जुन्या बुलेटच्या बिग एंडमध्ये तरंगते बुश असते आणि ते स्वच्छ, अखंड तेलावरच टिकते. नमदा बदलल्यावर गाळणीचा कप्पा तेलाने भरूनच इंजिन सुरू करावे. रिकामा ठेवल्यास तो भरेपर्यंत बिग एंड कोरडे फिरते. त्यानंतर रॉकरच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पोहोचल्याची खात्री करतात.

पंपातील तेलमार्ग उघडझाप करणाऱ्या चकत्या झिजल्या की उभ्या गाडीत टाकीतले तेल क्रँककेसमध्ये उतरते आणि गाडी धूर सोडते. चकत्या बारीक पेस्टने घासून बसवणे हा त्यावरचा उपाय.