'नॉर्मल'चा रकाना

आईच्या पायांना मुंग्या येत. वाशीत रक्त तपासले. बी-१२चा आकडा रकान्यात बसत होता. 'नॉर्मल' म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पुढे प्रश्न पडला : हा रकाना आखला कोणी?

१९६९मध्ये फिनलंडच्या ग्रॅसबेक आणि सारिस यांनी 'नॉर्मल'ऐवजी 'संदर्भमूल्य' ही संज्ञा मांडली. निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे, त्यांतले मधले ९५ टक्के धरायचे, अशी रीत रुळली. म्हणजे शंभरांतले पाच धडधाकटही रेषेबाहेर जाणारच.

उलटही घडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हेल्गा रेफसम यांच्या गटाचा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी व रुग्ण मिळून २०४ पुणेकरांपैकी ४७ टक्क्यांचे बी-१२ कमी होते. पण बी-१२ अपुरे पडले की रक्तात साचणारे मिथाइलमेलॉनिक आम्ल ७३ टक्क्यांत वाढलेले निघाले. म्हणजे शंभरांत निदान २६ जणांचा बी-१२चा आकडा रेषेत होता, उणीव मात्र शरीरात होती.

रकाना गटाचा असतो; मुंग्या एका माणसाच्या पायांना येतात. डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवताना आता मी मुंग्यांचेही सांगतो, आणि तेही आधी.