मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

१९४५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातले बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर मिसिसिपी राज्यातल्या एका शेतावर गेले होते. लुईस नावाचे एक निपुत्रिक जोडपे हे शेत खंडाने कसत असे. त्यांच्याकडे डोनाल्ड नावाचा अकरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांपासून राहत होता. त्याच्या आईवडिलांचे घर तिथून सुमारे दहा मैलांवर होते.

डोनाल्ड चारचौघांसारखा नव्हता. त्याला मोजण्याचे विलक्षण वेड होते. दिसेल त्याची लांबी, खोली मोजायची. शेतात उभे राहून मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचे. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचे. अशा मुलाचे आपण काय करू? बहुधा 'पुरे आता!' म्हणून दटावू. लुईस दांपत्याने तसे केले नाही. मोजायचे आहे ना, मग विहीर खणू लाग आणि खोली किती झाली ते सांग! मेलेल्या पाखरांसाठी त्यांनी एक जागा नेमून दिली. तिथे डोनाल्डने छोटी दफनभूमी केली आणि प्रत्येक जिवाची नावानिशी पाटी लावली. मक्याच्या ओळींचे काय? ओळी मोजायच्या, पण नांगर चालवता चालवता. डॉ. कॅनर पाहत असतानाच त्याने सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा आणि नांगर तो सफाईने हाताळत होता, ओळीच्या टोकाला घोडा नीट वळवत होता.

डोनाल्ड जवळच्या खेड्यातल्या शाळेत जात असे. तिथे त्याच्या विक्षिप्तपणाचा कोणी बाऊ करत नसे आणि अभ्यासात त्याची प्रगती चांगली होती. हे साधे शेतकरी जोडपे आणि ती खेड्यातली शाळा पाहून डॉ. कॅनर थक्क झाले.

डोनाल्ड ट्रिप्लेट हे नाव आज वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १९४३ साली डॉ. कॅनर यांनी अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ही मुले स्वतःतच रमणारी होती. माणसांपेक्षा वस्तूंशी त्यांचे अधिक जमे. रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी ती अस्वस्थ होत. या अवस्थेसाठी त्यांनी 'ऑटिस्टिक' हा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. त्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून वयाच्या चौथ्या वर्षी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. तिथे तो मिटून गेला, तेव्हा वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले आणि १९३८ साली डॉ. कॅनर यांच्याकडे नेले.

पुढे या अकरा मुलांचे काय झाले? १९७१ साली डॉ. कॅनर यांनीच त्याचा मागोवा प्रसिद्ध केला. शिक्षकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा हा दस्तऐवज आहे. डोनाल्ड फॉरेस्ट या आपल्या गावातल्या हायस्कुलातून उत्तीर्ण झाला, महाविद्यालयात जाऊन पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत नोकरीला लागला. तो मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळू लागला आणि एकट्याने देशोदेशी प्रवास करून आला. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. फ्रेडरिक नावाचा दुसरा मुलगा अनेक वर्षे एका निवासी विशेष शाळेत राहिला. नंतर एका सरकारी कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर तो काम करू लागला. त्याच्या वरिष्ठांनी त्याच्या कामाची मनापासून स्तुती केली होती.

इतर काही मुले मात्र सरकारी मनोरुग्णालयांत किंवा मतिमंदांसाठीच्या मोठ्या संस्थांत गेली. व्हर्जिनिया ही त्यांपैकी एक. न बोलता सोडवायच्या बुद्धिचाचणीत तिचा गुणांक ९४, म्हणजे सरासरीच्या अगदी जवळ आला होता. तरीही तिचे आयुष्य संस्थेतच गेले. अशा मुलांची विलक्षण स्मरणशक्ती तर मावळलीच, पण बदलाला विरोध करण्याची, स्वतःचा क्रम राखण्याची धडपडही विझली. मनोरुग्णालयात दाखल होणे म्हणजे जवळजवळ जन्मठेपच, असा कॅनर यांचा निष्कर्ष होता.

इथे थोडे सावध राहायला हवे. डोनाल्ड शेतावर राहिला म्हणून सुधारला आणि व्हर्जिनिया संस्थेत गेली म्हणून खचली, असे सरळ गणित मांडता येत नाही. डोनाल्ड आणि फ्रेडरिक दोघेही लहानपणापासून बोलत होते. डोनाल्डचे वडील वकील होते आणि आईच्या माहेरच्यांची बँक होती. त्याच मिसिसिपीत एखाद्या गरीब किंवा कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलाच्या वाट्याला हे आले असते का? अकरा मुलांच्या हकिगतींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शाळेच्या पद्धतीने खरोखर फरक पडतो का, हे पाहायचे तर वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांची नीट तुलना करायला हवी. तशी तुलना पुढे झाली. पण त्याआधी एक चुकीची कल्पना आडवी आली.

आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, अशी ती कल्पना. खुद्द कॅनर यांच्या लिखाणातही तिचे धागे होते. शिकागो येथील एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांनी ती जोरात मांडली. १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या मुलांच्या अवस्थेची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. ते स्वतः अशा छावण्यांत राहिलेले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. आता पाहा, कल्पना बदलली की शाळा कशी बदलते. दोष घराचा असेल तर मुलाला घरापासून तोडायचे, मनातली गाठ आपोआप सुटेपर्यंत मोकळे सोडायचे आणि शिकवण्याची घाई करायची नाही! बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ साली त्यांनी पुराव्यानिशी दाखवले की या अवस्थेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही. आजचे संशोधनही हेच सांगते. स्वमग्नता जन्मापासूनची असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

त्याच सुमारास लंडनमध्ये सिबिल एल्गार या मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिकेने आपल्या घराच्या तळघरात काही स्वमग्न मुलांना शिकवायला सुरुवात केली. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, काम स्पष्ट आणि पायरीपायरीने, अशी त्यांची पद्धत होती. पालकांच्या संघटनेच्या मदतीने १९६५ साली ईलिंग येथे त्यांची शाळा उभी राहिली. त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याने काही मुलांना 'शिक्षणास अपात्र' ठरवता येत असे. हा शिक्का १९७० च्या कायद्याने पुसला गेला. पण तोवर एल्गारबाईंची पहिली मुले मोठी झाली होती. शाळा संपली, आता जायचे कुठे? हा प्रश्न पालकांपुढे उभा राहिला. त्यातून १९७४ साली सॉमरसेट परगण्यात या मोठ्या झालेल्या मुलांसाठी राहण्याची आणि कामाची जागा तयार झाली.

आता त्या तुलनेकडे वळू. १९७३ साली मायकेल रटर आणि लॉरेन्स बार्टाक यांनी इंग्लंडमधील तीन केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण पन्नास मुले होती. पहिल्या केंद्रात मानसोपचारावर भर होता आणि शिकवणे फारसे नव्हते. दुसऱ्यात मोकळे वातावरण आणि त्याला थोड्या शिक्षणाची जोड होती. तिसऱ्यात आखीव, रेखीव, नेमके शिकवणे होते. साडेतीन-चार वर्षांनी पाहिले, तेव्हा वाचन आणि गणितात तिसऱ्या केंद्राची मुले स्पष्टपणे पुढे होती. कामात लक्ष देण्यातही ती सरस होती. म्हणजे शाळेने फरक पडत होता. पण शाळेत जमलेली गोष्ट घरी आपोआप जमतेच असे नाही, हेही याच अभ्यासात दिसले. शाळा आणि घर यांनी मिळून काम करायला हवे, हा धडा त्यातून मिळाला.

हे सर्व झाले पाहणाऱ्यांच्या बाजूने. शाळेत बसलेल्या मुलाला काय वाटते? याचे उत्तर जगाला बरेच उशिरा मिळाले. १९८६ साली टेम्पल ग्रँडिन यांचे आत्मचरित्र आले. त्या १९४७ साली बॉस्टनमध्ये जन्मल्या आणि स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी छोट्या शाळेत त्यांचे बरे चालले होते. पण मुलींच्या मोठ्या शाळेत गेल्यावर सगळे बिघडले. एवढ्या मुली, सतत बदलणारे वर्ग, गलका आणि चिडवणे. चौदाव्या वर्षी, चिडवणाऱ्या एका मुलीला पुस्तक फेकून मारल्याबद्दल त्यांना शाळेतून काढून टाकले गेले.

नंतर त्या न्यू हॅम्पशायर राज्यातील एका लहान निवासी शाळेत गेल्या. तिथे घोडे होते. ग्रँडिन रोज तबेला साफ करत आणि घोड्यांची निगा राखत. काही वर्षे त्यांचे अभ्यासात लक्ष नव्हते, पण हे काम त्या मन लावून करत. सुटीत ॲरिझोनामधील मावशीच्या गुरांच्या फार्मवर गेल्या असता त्यांना एक गोष्ट दिसली. लस टोचण्यासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा एक सापळा होता, आणि त्यात काही गुरे शांत होत. स्वतःची भीती शमवण्यासाठी त्यांनी तसेच एक यंत्र आपल्यासाठी बनवले. अनेकांना तो वेडाचार वाटला. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी मात्र विचारले, दाबामुळे शांत का वाटते हे शोधायचे आहे का? मग त्यासाठी विज्ञान शिकावे लागेल, ग्रंथालयात शोधनिबंध कसे पाहायचे ते समजून घ्यावे लागेल. तिथून ग्रँडिन अभ्यासाला लागल्या. पुढे पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळवून त्या कोलोरॅडोमध्ये प्राध्यापक झाल्या. गुरांना कमी भीती वाटेल असे गोठे आणि वाटा आखण्यासाठी त्या जगभर ओळखल्या जातात.

लुईस दांपत्य आणि कार्लॉक सर यांच्यातले साम्य लक्षात आले ना? दोघांनीही मुलाचे वेड काढून टाकण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी त्या वेडाला कामाची जोड दिली.

डोनाल्डच्या हायस्कूलमधली एक आठवणही सांगण्याजोगी आहे. शाळेच्या भिंतीतल्या विटा त्याने एका नजरेत मोजल्या, अशी दंतकथा गावात अनेक वर्षे चालत होती. विसाव्या शतकातले सोबती म्हातारे झाले, तरी ती सांगितली जात होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या डोनाल्डला दोन पत्रकारांनी याविषयी विचारले. त्याने सांगितले, आकडा असाच ठोकून दिला होता, मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे म्हणून! स्वमग्न मुलाला इतरांचे काही पडलेले नसते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मुलांनी आपल्याला आपल्यात घ्यावे, एवढीच या मुलाची धडपड होती.

१९७५ च्या अमेरिकन कायद्यानंतर आणि १९९४ च्या सालामान्का येथील जागतिक घोषणेनंतर अनेक देशांत अशी मुले सर्वसाधारण शाळांत येऊ लागली. त्यांना तिथे काय अनुभव आला? इंग्लंडमधील नील हम्फ्री आणि सारा लुईस यांनी २००८ साली माध्यमिक शाळांतल्या स्वमग्न मुलांना विचारले. मुलांनी दैनंदिनी लिहिल्या, चित्रे काढली. त्यांना अभ्यासापेक्षा शाळेचे इतर वातावरण जड जात होते. तास संपल्यावर व्हरांड्यात होणारी रेटारेटी आणि गोंगाट, चिडवणे, ऐनवेळी बदललेला वर्ग यांचा त्यांना त्रास होत होता. शेजारी बसणारा मदतनीस हवासा वाटे, पण त्यामुळे आपण वेगळे दिसतो हे काहींना खुपे. आपले वेगळेपण लपवण्यात अनेकांची शक्ती खर्च होत होती. त्याच शाळांत एखादा खरा मित्र मिळाला की दिवस सुसह्य होई.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे नोंदली गेली. सर्वसाधारण शाळेत शिकण्याचा या मुलांचा हक्क आता मान्य झाला आहे. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर, रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला आणि मधल्या सुटीत कानांवर हात ठेवून बसणारा मुलगा आपल्याला भेटणारच.

साधी शाळा चांगली की विशेष शाळा, हा वाद पालक आपल्याला विचारतात. इतिहास याचे एका शब्दात उत्तर देत नाही. डोनाल्ड खेड्यातल्या साध्या शाळेत बहरला, फ्रेडरिक विशेष शाळेत. ग्रँडिन यांना एका शाळेने घालवून दिले आणि दुसरीने घडवले. काही मुलांना विशेष शिक्षकाची गरज असते, ती कोणत्याही सदिच्छेने भागत नाही. पण दोन गोष्टी या सर्व हकिगतींत पुन्हा पुन्हा दिसतात. दिवसाचा क्रम मुलाला आधी कळलेला असतो आणि त्याच्या आवडीला कोणीतरी काम दिलेले असते.

दोन्हींना फारसा खर्च नाही. आजचे तास फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येतात. तासात बदल असेल तर त्या मुलाला सकाळीच सांगता येते. गर्दी ओसरेपर्यंत पाच मिनिटे थांबून त्याला वर्गाबाहेर पडू देता येते. आणि सहलीची गाडी ठरवायची असेल, तेव्हा वेळापत्रक पाठ असलेल्या मुलाला फळ्यापाशी बोलावता येते.