पणजीचे नाव

गेल्या पितृपक्षात आमच्याकडे श्राद्धाला बसलेल्या गुरुजींनी यजमानांच्या पणजीचे नाव विचारले. सासूबाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सगळे मोठ्याबाईच म्हणत." आजोबा-पणजोबांची नावे खडाखड सांगणारे आमचे घर तेथे गप्प झाले. गोत्र ठाऊक नसले तर काश्यप म्हणण्याची सोय शास्त्राने केली आहे; नावासाठी काय करावे? गुरुजींनी 'मोठ्याबाई' असेच म्हणून संकल्प पुरा केला, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

त्यानंतर वाचनात एक गोष्ट आली, ती भगिनींना सांगावीशी वाटते. मॉरिशस हे हिंदी महासागरातले चिमुकले बेट. इंग्रज साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा 1833 साली झाला आणि तेथील उसाच्या मळ्यांना माणसे कमी पडू लागली. तेव्हा 1834 पासून कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले. ही वाहतूक पुढे पाऊणशे वर्षे चालली आणि तिच्यात सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांतली मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली. ती बहुतेक रत्नागिरीकडची, कोकणातली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या चढून माणूस वर आला, की कचेरीत त्याची नोंद होई. तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून जपला आहे, आणि 2006 साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

त्या नोंदीत काय असे? क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा. बाईलाही तिचा स्वतःचा क्रमांक मिळे. हे कोणी मायेने केले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. मजूर पळाला तर ओळखून धरता यावा, एवढाच हेतू. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःच्या फोटोचे तिकीट जवळ बाळगणे भाग पडले; ते नसले तर पोलीस पकडीत. आज त्याच मजुरांचे पणतू मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन तीच नोंद नि तोच फोटो शोधतात. काम सोपे नसते. कारकुनाने नाव जसे कानावर पडले तसे लिहिलेले असते. शिवाय तेथे पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले, त्यामुळे मूळ आडनावाचा पत्ता लागत नाही. तरी क्रमांक जुळला की गाव सापडते, आणि एखादी नातसून दीडशे वर्षांनी कोकणातल्या वाडीत येऊन उभी राहते.

याउलट आयर्लंडची हकीकत ऐका. 1845 पासून तेथे बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला आणि लाखो लोक अमेरिकेकडे निघून गेले. 1922 साली डब्लिनच्या यादवी लढाईत दप्तरखाना जळाला आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेची कितीतरी दप्तरे त्यात गेली. त्यांचे वंशज अजून चर्चच्या वह्या नि थडग्यांवरचे दगड धुंडाळीत असतात.

आपल्याकडे आग लागली नाही, तरी बायकांची नावे गेलीच. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या उतरलेल्या आहेत. त्यांत बाई येते ती बहुधा नवऱ्याच्या मागे, सासरच्या नावाने. आणि ऊस म्हटला की आपल्या मराठवाड्यातली गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. दिवाळी झाली की मुखेड-कंधारच्या बाजूची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती 'एका कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मोळी बाईच्याही डोक्यावर असते, हिशेब मात्र कोयत्याचा. मॉरिशसच्या त्या निर्दय कचेरीने बाईला निदान वेगळा क्रमांक दिला होता, हे मला राहून राहून टोचते.

मी मोठ्याबाईंचा शोध घेऊ लागले आहे. जुन्या पत्रिका पाहिल्या, भांड्यांवरची नावे पाहिली. तांब्यावर पणजोबांचेच नाव. दूरच्या एका चुलतसासूबाईंकडून एवढे कळले, की माहेर मुगटचे. मुदखेडहून मुगट किती लांब! पण तेथे त्यांच्या भावकीतले कोणी भेटले नाही. आणखी एका घरी चौकशी करायची आहे, तेथील आजी तीर्थयात्रेहून परतल्या की जाईन.

जाता जाता आपल्या मंडळाची सभासद-वही चाळली. तिच्यात क्रमांक आहे, 'सौ.' आहे, यजमानांचे नाव आहे, वर्गणी आहे. माहेरच्या नावाचा रकाना नाही. नवी वही या वर्षी घालायचीच आहे. चिटणीसबाईंनी एक रेघ जास्त ओढावी, अशी सूचना मी मांडणार आहे.