अगादीर पेचप्रसंग, १९११ : संपादकीय तळटीप

अगादीर हे मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बंदर. लेखकाने उल्लेखिलेली जर्मन गनबोट म्हणजे 'पँथर'. ती १ जुलै १९११ रोजी येथे आली. त्याआधी, मे महिन्यात, सुलतानाविरुद्धचे बंड मोडण्याच्या निमित्ताने फ्रेंच सैन्य फेज शहरात शिरले होते. या वादाचे मूळ १९०४ च्या ब्रिटन-फ्रान्स करारात आहे : इजिप्तमध्ये ब्रिटनला मोकळीक, मोरोक्कोत फ्रान्सला. १९०६ च्या अल्हेसिरास परिषदेने मोरोक्कोचे स्वातंत्र्य मान्य केले, ते कागदावरच राहिले. ४ नोव्हेंबर १९११ च्या करारान्वये जर्मनीने मोरोक्कोवरील फ्रेंच वर्चस्वाला संमती दिली आणि मोबदल्यात फ्रेंच काँगोतील सुमारे पावणेतीन लाख चौरस किलोमीटर मुलूख घेतला. पुढे ३० मार्च १९१२ रोजी फेजच्या तहावर सुलतान अब्दुल हाफिज याला सही करावी लागली व मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. उत्तरेकडील पट्टा त्याच वर्षी स्पेनकडे गेला. लेखक या साऱ्याला युरोपीय मुत्सद्देगिरीचे यश मानतो. ते मत स्वीकारता येत नाही : मोरोक्को वा काँगोतील रहिवाशांना या देवघेवीत कोणीही विचारले नव्हते. मोरोक्को स्वतंत्र झाला तो १९५६ मध्ये.