न पाहिलेला दरबार

पुण्याच्या दरबारांत १७९० सालीं पेशवे व इंग्रज यांचा टिपूविरुद्ध तह झाला. त्या प्रसंगाचें चित्र योजणारा जेम्स वेल्स हिंदुस्थानांत उतरला तो १७९१ सालीं; अर्थात् तो दरबार त्यानें पाहिलाच नव्हता. सवाई माधवराव, नाना फडणीस प्रभृतींची मुद्रा, पोशाख व बैठक एकेक करून टिपावयाची आणि त्यांतून सभा उभी करावयाची, हाच मार्ग उरला. १७९५ सालीं वेल्स वारला. चित्र टॉमस डॅनियलनें १८०५ सालीं पुरें केलें.

वेल्सच्या हाताखालीं देशी चित्रकार तयार व्हावे म्हणून रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयानें पुण्यांत चित्रशाळा निघाली. तींत गंगाराम तांबट शिकला. त्याचीं वेरूळच्या लेण्यांचीं रेखाटनें आज अमेरिकेंत येल येथें जतन केलेलीं आहेत. त्याच्या पुण्यांत मात्र त्याचें नांव कितीजणांस ठाऊक आहे?