वाइन-परीक्षण (महाराष्ट्र)

वाइनचे रूप, गंध, चव आणि घोटानंतर तोंडात रेंगाळणारी चव पारखून तिची प्रत ठरविण्याची पद्धत. ती युरोपातील द्राक्षप्रदेशांत घडली आणि नारायणगाव, नाशिक, अकलूज येथील वाइनना जवळजवळ जशीच्या तशी लावली जाते. पद्धत येथेही चालते. मात्र येथील द्राक्ष कसे पिकते हे पाहता आम्लतेला आज मिळते त्याहून अधिक वजन मिळायला हवे.

उत्तर युरोपात फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थंडी वाढत असताना पिकते. तेथील जुनी चिंता साखर भरेल की नाही, ही. कच्च्या रसात साखर घालण्याची रीत शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ती याच चिंतेतून. महाराष्ट्रात सगळे उलटे. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते, पावसाळा सरला की गोडी छाटणी होते आणि फळ जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना उतरते. साखर आपोआप भरते. त्याच उन्हात मॅलिक आम्ल घटत जाते. नाशिकची सुमारे 600 मीटर उंची आणि हिवाळ्यातील गार रात्री ही घट कमी करतात, थांबवत नाहीत. उष्ण हवेतही आम्लता राखणारी, मूळची लवार खोऱ्यातील शेनिन ब्लां ही जात येथे रुजली, त्यामागे हे एक मोठे कारण असावे. श्यामराव चौगुले यांच्या नारायणगावच्या प्रकल्पाचे 1980 च्या दशकात नाव झाले तेही फेसाळ वाइनमुळे. या वाइनसाठी द्राक्षे लवकर, आम्ल शिल्लक असतानाच तोडतात.

परीक्षणाचा प्रमाणित पेला 1977 मध्ये ठरला. त्यात सुमारे 50 मिलिलिटर वाइन ओततात, पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहतात, न हलवता वास घेतात, मग घुसळून पुन्हा घेतात. छोटा घोट तोंडभर फिरवून थुंकतात. आम्लता खरी कळते ती यानंतर : जिभेच्या कडांना पाणी सुटते आणि काही क्षण सुटतच राहते. टॅनिनने उलट हिरड्या कोरड्या पडतात. आम्ल कमी असलेली वाइन पहिल्या घोटाला गोल, मऊ लागते, म्हणून घाईत जास्त गुण मिळवते. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला ती बसकी वाटू लागते. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे तयार झालेल्या 20 गुणांच्या पत्रिकेत गंधाला 4, तर एकूण आम्लतेला 2 गुण आहेत. येथे हे प्रमाण अपुरे पडते.

प्रदेशागणिक वजन बदलले तर तुलनाच संपेल, असा आक्षेप घेता येतो. पण बदल कसोटीत नाही. तोल हीच कसोटी राहते, फक्त जेथे तो ढळण्याचा धोका अधिक तेथे नजर अधिक बारीक ठेवायची. दुसरा आक्षेप जिभेच्या विश्वासार्हतेचा. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगात लाल रंग मिसळलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन 54 विद्यार्थ्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. मात्र तेथे फसले ते गंधाचे वर्णन. आम्लता प्रयोगशाळेत मोजता येते. पांढऱ्या वाइनचा सामू साधारण 3.1 ते 3.4 असतो. तो 4 कडे सरकला की सल्फर डायऑक्साइडचे संरक्षणही दुबळे होते. म्हणजे परीक्षकाचा हा निर्णय आकड्याशी ताडून पाहता येतो, गंधाच्या वर्णनाबाबत ते इतके सोपे नाही. आम्लता वाढविण्यासाठी टार्टरिक आम्ल घालण्याची प्रथा उष्ण प्रदेशांत सर्वत्र आहे. वरून घातलेले आम्ल जिभेला वेगळे कळते का, याबाबत मतभेद आहेत.

लाल वाइन : शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, अकलूजकडे सांजोव्हेझेही.

तापमान : पांढरी 8-10°, लाल 16-18° से. उन्हाळ्यात लाल वाइनही गार करूनच पारखावी. उबेत मद्यार्क नाकात भरतो आणि आम्ल दबते.