वाटेचा भाव

18 फेब्रुवारी 1352. मोरोक्कोच्या दक्षिणेला, खजुराच्या बागांनी वेढलेलं सिजिलमासा शहर. बागा संपतात तिथे तुमचा तांडा जमलाय. तुम्ही उंट विकत घेतलेत, त्यांना चार महिने पुरेल एवढी वैरण बांधून घेतलीय आणि ओझी आवळता आवळता हाताला दोरीचे वळ उठलेत. जायचंय वलाताला, सहाराच्या पलीकडच्या काठावर, माली साम्राज्याच्या पहिल्या ठाण्यावर. दोन महिन्यांची चाल. तांड्याचा म्होरक्या अबू मुहम्मद यंदकान, मसूफा जमातीचा. हे वाळवंट मसूफांचं घर आहे. त्यांच्यावाचून इथे कोणाचं पान हलत नाही.

व्यापाऱ्यांच्या गर्दीत पन्नाशीकडे झुकलेला एक टँजिअरचा माणूस दिसतो. तो इब्न बतूता. मराठी मुलखातून आलो म्हणून त्याला खुशाल सांगा, तो बुचकळ्यात पडणार नाही. दहा वर्षांपूर्वी दिल्लीहून खंबायतला जाताना तो दौलताबादेत उतरला होता, नंदुरबारवरून गेला होता. तिथले मराठे कसबी कारागीर आहेत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत आणि ते भात, भाजी, तिळाचं तेल खातात, हे त्याने ध्यानात ठेवलंय. अशा माणसाच्या जवळपास चालावं. त्याच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

25 दिवसांनी तघाझा येतं. घरं मिठाच्या दगडांची, मशीदही मिठाचीच, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड औषधालाही नाही. पाणी खारट, माश्यांचा सुळसुळाट. खाणीच्या काठावर जाऊन बघा. वाळू उपसली की खाली जाड लाद्या एकीवर एक रचलेल्या सापडतात, कोणी आधीच कापून पुरून ठेवाव्यात तशा. एका उंटावर दोन लाद्या चढतात. खणणारे सगळे मसूफांचे गुलाम. ते सिजिलमासाचा खजूर खातात, उंटाचं मांस खातात आणि दक्षिणेतून आलेलं भरड धान्य खातात. इथे फक्त मीठ पिकतं. बाकी घास न् घास बाहेरून येतो.

इथे तांडा दहा दिवस थांबतो. तुम्हीही लाद्या घ्या आणि भाव डोक्यात पक्का करा. जे मीठ इथे भिंतीत लागतं, त्याच्या एका उंटभार ओझ्याला वलातात 8 ते 10 मिस्काल सोनं मिळतं. मालीच्या राजधानीत तेच ओझं 20 ते 30 मिस्कालांना जातं, कधी 40 लाही. एक मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. मीठ तेच, लादीही तीच. मग भाव कशाने चढतो, ते पुढच्या वाटेवर कळायला लागतं.

तघाझानंतर दहा दिवस पाणी नाही. पण या साली पाऊस झालाय. दोन खडकांच्या मध्ये गोड पाण्याचं डबकं सापडतं, तिथे सगळे पोटभर पितात आणि कपडे धुतात. उवांनी जीव नकोसा केलाय. त्यावरचा उपाय म्हणून लोकांनी पाऱ्यात भिजवलेले दोरे गळ्यात बांधलेत. तुम्हालाही कोणी दोरा देईल, बांधून घ्या.

गवत दिसलं की जनावरं चरायला घेऊन पुढे निघावं, असा मोह होतो. इब्न बतूताही तसंच करायचा. मग एक दिवस इब्न झीरी नावाच्या माणसाचं मामेभावाशी वाजलं. शिवीगाळ झाली, झीरी रागारागाने मागे राहिला. तांडा थांबला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता. माग काढायला एखादा मसूफा भाड्याने घे, असं भावाला सांगून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मसूफा आपण होऊन, एक पैही न घेता निघाला. पावलं दिसली, माणूस दिसला नाही. पुढे भेटलेल्या दुसऱ्या तांड्यानेही आपली काही माणसं मागे पडल्याचं सांगितलं. त्यांतला एक झुडपाखाली मेलेला आढळला. अंगावर कपडे, हातात चाबूक, आणि पाणी मैलभरावर. त्यानंतर इब्न बतूता ना तांड्याच्या पुढे जातो, ना मागे रेंगाळतो. तुम्हीही जाऊ नका.

तासरहला इथे तीन दिवस मुक्काम आहे, विसाव्यापेक्षा कामाचाच. पखाली तपासायच्या, फाटक्या शिवायच्या, काठोकाठ भरायच्या. मग प्रत्येक पखालीला बाहेरून गोणपाट शिवून घ्यायचं. उघड्या कातड्यावर वारा लागला की आतलं पाणी आटतं. दाभण घेऊन बसा आणि टाके जवळजवळ घाला. इथे एक सैल टाका म्हणजे चौथ्या दिवशी कोणाच्या तरी वाट्याचा घोट.

आणि इथेच तक्शीफ ठरतो. तांड्याच्या आधी एकट्याने वलाताला जाणाऱ्या मसूफाला तक्शीफ म्हणतात. व्यापारी त्याच्याजवळ आपल्या तिथल्या ओळखीच्यांसाठी पत्रं देतात: घर भाड्याने बघून ठेवा, आणि चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे या. त्याला वाटेत चकवा लागला, तर पत्रं पोचत नाहीत, पाणी येत नाही आणि अख्खा तांडा संपतो. एकट्या माणसाला या भागातली भुतं भुलवतात, असं लोक म्हणतात. या खेपेच्या तक्शीफाने 100 मिस्काल घेतले, म्हणजे सुमारे 36 तोळे सोनं. वलाताच्या भावाने ही दहा-बारा उंटांवरच्या मिठाची किंमत झाली. कोणी घासाघीस करत नाही.

आता चाल बदलते. दुपार कलली की निघायचं, रात्रभर चालायचं, सकाळी उतरायचं. वाटाड्याचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू. तरी वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. सातव्या रात्री पुढे अंधारात जाळ दिसतात. पाणी घेऊन आलेली माणसं! तक्शीफ पोचला.

एप्रिलच्या मध्याला, सिजिलमासा सोडल्यापासून पुऱ्या दोन महिन्यांनी, तुम्ही वलातात शिरता. माल चौकात ठेवून तुम्ही सुलतानाच्या नायबापुढे उभे राहता. तो समोरच बसलाय, तरी दुभाष्यामार्फत बोलतो. इब्न बतूताला याचा भारी राग येतो. तुम्हाला मात्र हिशेब सुचतो आहे. लाद्या इथे विकायच्या की आणखी 24 दिवस चालून राजधानीत दुप्पट-तिप्पट करायच्या?

ठरवण्याआधी वही नीट मांडा. उंट, वैरण, पखाली, तक्शीफ, झीरीसारखा हरवणारा गडी, हे सगळं भावात उतरलंय. व्यापारी म्हणून तुम्ही मिठाइतकेच या वाटेचे पैसे घेताय आणि ते रास्त आहेत. पण तघाझात लादी उपसणारा माणूस या वहीत कुठे लिहाल? मजुरीच्या रकान्यात तो येत नाही, कारण त्याला मजुरी नाही. उद्या मालकाने विकायला काढला तर तो मालाच्या रकान्यात येईल. पुढच्या साली, सप्टेंबर 1353 मध्ये, इब्न बतूता तकेद्दा गावाहून घराकडे निघेल तेव्हा त्याच्या तांड्यात 600 गुलाम बायका असतील. मिठाने दक्षिणेला जायचं, सोन्याने आणि माणसांनी उत्तरेला यायचं. वाट वेगळी असली तरी वाळवंट तेच. ज्या मुलखात पाण्याच्या घोटाचा आणि पत्रं नेणाऱ्या एका माणसाचा भाव इतका चोख ठरवता येतो, तिथे या बायकांचाही भाव तितकाच चोख ठरलेला असतो.